नरतुरंगातील जमाखर्च

वैशाखातल्या रात्री दहाच्या सुमारास, हवा निवळ असेल तर, चंद्रपूर जिल्ह्यातील माजरीच्या एखाद्या गच्चीवरून दक्षिणेकडे पाहणाऱ्यास, खाणींवरील दिव्यांचा उजेड आणि दिवसभर उडालेली कोळशाची धूळ यांच्या वरच्या अंगाला, त्रिशंकूच्या चार तारका आणि त्यांना तीन बाजूंनी वेढून बसलेला नरतुरंग हा विस्तीर्ण तारकासमूह ओळखता येतो. या नरतुरंगाच्या हद्दीत दोन जोडतारे असे आहेत की, त्यांपैकी एकही नुसत्या डोळ्यांस दिसत नाही. तथापि पहिल्याने गेली पन्नास वर्षे आणि दुसऱ्याने गेले दशकभर खगोलशास्त्रज्ञांची झोप उडवली आहे. पहिला, क्षितिजापासून जेमतेम नऊ अंश वर येणारा, सेंटॉरस एक्स-३. दुसरा, त्याच्याहून बारा अंश उंच चढणारा, ज्याचे जे१२२७-४८५३ हे नाव म्हणजे आकाशातील त्याचा पत्ताच होय. दोहोंतही एकेक न्यूट्रॉन तारा आहे. पहिल्यातला आपल्या जोडीदाराचे द्रव्य आजही ओढून घेत आहे. दुसऱ्यातले हे देणेघेणे २०१२ सालाच्या अखेरीस एकाएकी बंद पडले, आणि ते बंद पडल्यावर त्या ताऱ्याचे रेडिओ स्पंदन जगात प्रथम टिपले गेले ते पुणे जिल्ह्यातील खोडद येथे.

न्यूट्रॉन तारा म्हणजे मोठ्या ताऱ्याच्या मृत्यूनंतर उरलेला गाभा: सूर्याच्या सुमारे दीडपट वस्तुमान, आणि ते दहा-बारा किलोमीटर त्रिज्येच्या गोळ्यात कोंबलेले. १९६७ साली केंब्रिज येथे जोसेलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीस दर १.३३७ सेकंदांनी येणारी रेडिओ स्पंदने सापडली, तेव्हापासून अशा ताऱ्यांस स्पंदक म्हणण्याचा प्रघात पडला. एकाकी स्पंदकाचे चरित्र सरळ असते. तो वेगाने फिरत जन्मास येतो, आपल्या चुंबकीय क्षेत्राच्या द्वारे परिवलनाची ऊर्जा अवकाशात खर्च करतो, मंदावतो, आणि काही कोटी वर्षांत मुका होतो. कमाई नसलेल्या माणसाच्या वहीसारखी ही वही असते. खर्चाचीच बाजू भरत जाते. जोडीदार लाभला, आणि तो जोडीदार फुगून किंवा जवळ येऊन आपले द्रव्य सांडू लागला, की मात्र जमेची बाजू उघडते, आणि मग त्या वहीतील नोंदी वाचण्यासारख्या होतात.

हे द्रव्य न्यूट्रॉन ताऱ्यावर पडते तेव्हा किती ऊर्जा मोकळी होते, याची कल्पना माजरीच्या मनुष्यास इतरांपेक्षा लवकर यावी. कारण या गावाची ओळखच मुळी वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणींनी आणि त्या खाणींतून निघालेला कोळसा वाहून नेणाऱ्या मालगाड्यांनी झालेली आहे. या भागातील एक किलोग्रॅम कोळसा जाळला तर साधारणतः चार ते पाच हजार किलोकॅलरी उष्णता मिळते. तोच एक किलोग्रॅम (कोळसा असो वा हायड्रोजन, येथे भेद राहत नाही) न्यूट्रॉन ताऱ्यावर टाकला, तर केवळ त्याच्या पडण्याने जी ऊर्जा निर्माण होईल, ती मिळवण्यास आपल्याला सुमारे दहा लाख टन कोळसा जाळावा लागेल. म्हणजे माजरी जंक्शनवरून जाणाऱ्या चार-चार हजार टनांच्या भरलेल्या अडीचशे गाड्या. आणि असे द्रव्य एखाद्या तेजस्वी जोडताऱ्यात किलोकिलोने पडत नाही. दर सेकंदास दहा हजार कोटी टन हा तेथला मामुली हिशेब आहे, आणि सबंध भारत देश वर्षाकाठी जो कोळसा खणतो तो हल्ली कोठे शंभर कोटी टनांच्या घरात पोचला आहे. या पतनाने ताऱ्याचे ध्रुवप्रदेश कोट्यवधी अंशांपर्यंत तापतात आणि क्ष-किरण ओकू लागतात. पृथ्वीचे वातावरण हे किरण अडवते. म्हणून त्यांची गाठ घेण्यास वातावरणाबाहेर जावे लागते.

१२ डिसेंबर १९७० रोजी, केनियाच्या किनाऱ्यालगतच्या समुद्रातील एका मंचावरून, क्ष-किरणांसाठी वाहिलेला पहिला उपग्रह आकाशात गेला. केनियाच्या स्वातंत्र्याचा तो सातवा वर्धापनदिन असल्यामुळे त्यास ‘उहुरू’, म्हणजे स्वाहिली भाषेत ‘स्वातंत्र्य’, असे नाव मिळाले. पुढे २००२ साली नोबेल पारितोषिक मिळालेल्या रिकार्डो जाकोनी यांच्या नेतृत्वाखालील गटाने या उपग्रहाच्या साहाय्याने सेंटॉरस एक्स-३ ची क्ष-किरण स्पंदने १९७१ साली मोजली. दर ४.८४ सेकंदांस एक स्पंदन. परंतु स्पंदने नियमाने येत नव्हती. काही काळ ती वेळेच्या चाळीसेक सेकंद आधी येत, काही काळ तितकीच मागाहून, आणि दोन दिवस, दोन तास, पाच मिनिटे असे एक आवर्तन पुरे झाले म्हणजे पुन्हा तोच क्रम. शिवाय प्रत्येक आवर्तनात सुमारे बारा तास स्रोत साफ नाहीसा होई. अर्थ उघड होता. स्पंदक एका मोठ्या ताऱ्याभोवती परिभ्रमण करीत होता, आपल्या बाजूस असताना त्याच्या संदेशास कमी वाट चालावी लागे, पलीकडच्या बाजूस असताना जास्त, आणि ताऱ्यामागे गेला की त्यास ग्रहण लागे. तीन वर्षांनी व्होइचेख क्शेमिन्स्की या पोलिश ज्योतिर्विदाने तो मोठा तारा दृश्य प्रकाशात शोधून काढला: सूर्याच्या सुमारे वीसपट वस्तुमानाचा, निळा, आणि आपल्या क्ष-किरणी जोडीदारापासून अवघ्या सव्वा-दीड कोटी किलोमीटरांवर, म्हणजे सूर्य आणि बुध यांच्यातील अंतराच्या चौथाईहूनही कमी.

आता या वहीची खरी खतावणी सुरू होते. जोडीदाराकडून निसटलेले द्रव्य सरळ खाली पडत नाही, कारण दोन्ही तारे परस्परांभोवती फिरत असल्यामुळे त्या द्रव्याच्या अंगीही फिरण्याचा एक साठा असतो, ज्यास भौतिकशास्त्र कोनीय संवेग म्हणते, आणि हा साठा कोठेतरी सोपवल्याखेरीज द्रव्यास आत उतरता येत नाही. म्हणून ते स्पंदकाभोवती चकतीच्या रूपाने जमते आणि घिरट्या घालीत हळूहळू आत सरकते. वाटेत त्यास स्पंदकाचे चुंबकीय क्षेत्र आडवे येते. सेंटॉरस एक्स-३ मध्ये हे क्षेत्र सुमारे अडीच ते तीन लाख कोटी गाउस आहे, आणि पृथ्वीचे अर्ध्या गाउसाच्या आसपास. यावरून त्या क्षेत्राचा अंमल किती दूरवर चालत असेल ते ध्यानात यावे. ताऱ्यापासून काहीशे ते काही हजार किलोमीटरांवरच चकतीची सत्ता संपते आणि चुंबकीय क्षेत्राची सुरू होते. तेथून पुढे द्रव्य चुंबकीय रेषांच्या वाटेनेच ध्रुवांवर उतरते.

दोन सत्तांची ही सरहद्द कोठे पडते, यावर सारा जमाखर्च अवलंबून आहे. प्रत्येक फिरत्या स्पंदकाभोवती एक अंतर असे असते की, तेथे परिभ्रमण करणाऱ्या कणास लागणारा वेळ आणि ताऱ्याच्या एका परिवलनास लागणारा वेळ तंतोतंत सारखे भरतात. ४.८ सेकंदांत एक फेरा करणाऱ्या सेंटॉरस एक्स-३ साठी हे अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर येते. सरहद्द या अंतराच्या आत असेल, तर तेथील द्रव्य ताऱ्यापेक्षा वेगाने फिरत असते. ते चुंबकीय रेषांस पुढे ढकलते, आपला कोनीय संवेग ताऱ्याच्या जमेस टाकते, आणि परिवलन जलद होते. सरहद्द त्याबाहेर गेली, तर उलट प्रकार घडतो: ताराच रेषांच्या द्वारे द्रव्यास हाकलू लागतो, द्रव्य बाहेर फेकले जाते, आणि त्या फेकण्याचा खर्च ताऱ्यास आपल्या परिवलनातून भागवावा लागतो. द्रव्याचा ओघ वाढला की सरहद्द आत दाबली जाते, ओघ ओसरला की बाहेर पसरते. यावरून सिद्धांतकारांनी असा निष्कर्ष काढला की, पुरेसा काळ लोटल्यावर प्रत्येक तारा आपल्या ओघास साजेशा एका वेगावर येऊन ठरेल, जेथे जमा आणि खर्च सारखे होतील.

सिद्धांत सुबक आहे. निरीक्षणे तितकी सुबक नाहीत. सेंटॉरस एक्स-३ चा परिवलनकाल ४.८४ सेकंदांवरून अर्ध्या शतकात ४.८० च्या आसपास उतरला, म्हणजे एकंदरीने तारा जलद झाला, आणि केवळ शिल्लक पाहणाऱ्यास वाटावे की तो संथपणे, नेमाने कमाई करीत आहे. परंतु १९९१ साली सोडलेल्या कॉम्प्टन वेधशाळेने त्याची जी जवळजवळ रोजची नोंद ठेवली, तीत निराळेच चित्र दिसले: दहा ते शंभर दिवस तारा झपाट्याने जलद होतो, मग अचानक तितक्याच आवेशाने मंद होऊ लागतो, आणि या उलटसुलट उलाढालींपैकी प्रत्येक उलाढाल दीर्घकालीन शिलकीच्या मानाने कितीतरी पट मोठी असते. आपल्या अॅस्ट्रोसॅट या उपग्रहावर, जो २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून निघाला, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने घडवलेली लॅक्सपीसी ही मोठ्या क्षेत्रफळाची उपकरणे होती. त्यांनीही या ताऱ्याचे वेध घेतले, आणि पवईच्या आय.आय.टी.मधील वरुण भालेराव व पुण्याच्या आयुकाशी दीर्घकाळ निगडित असलेले दीपंकर भट्टाचार्य यांचा सहभाग असलेल्या गटाने त्याच्या निरनिराळ्या तेजोवस्थांचा अभ्यास प्रसिद्ध केला.

याहून चमत्कारिक वर्तन ४यू १६२६-६७ या दुसऱ्या एका दक्षिणी जोडताऱ्याचे आहे. त्यातील स्पंदक ७.७ सेकंदांत स्वतःभोवती आणि अवघ्या बेचाळीस मिनिटांत आपल्या किरकोळ वजनाच्या जोडीदारासमवेत फिरतो. १९७७ पासून तो सतत जलद होत होता. १९९० च्या सुमारास त्याने दिशा बदलली आणि तो जवळजवळ त्याच दराने मंद होऊ लागला. अठरा वर्षे मंद होत राहिला. २००८ च्या आरंभी पुन्हा जलद होऊ लागला. आणि २०२३ साली पुन्हा मंद. द्रव्याचा ओघ निम्मा झाला किंवा दुप्पट झाला, असे काही दिसले असते तर वर दिलेली सरहद्दीची उपपत्ती येथे सुखाने लागू पडली असती. परंतु १९९० च्या फेरफारावेळी तेजात तसा मोठा बदल नव्हताच. माझ्या मते या विषयावरील लोकप्रिय लेखनात हे एकच उदाहरण पुढे ठेवले जावे, कारण पाठ्यपुस्तकातील सुरळीत आलेख पाहून वाचकाची जी समजूत होते, ती याने वेळीच सुधारते.

परिवलनाबरोबर परिभ्रमणाचीही वही चालू असते, आणि ती सामान्यतः अधिक शिस्तीची असते. सेंटॉरस एक्स-३ चे ते दोन दिवस, दोन तास, पाच मिनिटे दरवर्षी सुमारे एक-तृतीयांश सेकंदाने कमी होत आहेत. आकडा क्षुल्लक वाटतो. पण हाच दर टिकला तर पाच-साडेपाच लाख वर्षांत, म्हणजे ताऱ्यांच्या आयुष्यात नगण्य अशा काळात, सारी कक्षाच खलास होईल. हे घडते मुख्यतः भरतीच्या बलांमुळे: स्पंदकाच्या गुरुत्वाकर्षणाने निळ्या ताऱ्याच्या अंगावर फुगवटा येतो, आणि त्या फुगवट्याच्या मार्फत कक्षेतील कोनीय संवेग त्या ताऱ्याच्या स्वतःच्या परिवलनाकडे वळता होतो. यात द्रव्याच्या देवघेवीचाही भाग असतो, आणि तेथे नियम असा की, जड ताऱ्याकडून हलक्याकडे द्रव्य गेले तर कक्षा आवळते, हलक्याकडून जडाकडे गेले तर ती रुंदावते. सेंटॉरस एक्स-३ मध्ये देणारा जड आहे. म्हणून असे संसार अल्पायुषी ठरतात. जेथे देणारा सूर्याहून हलका असतो, तेथे हाच व्यवहार कोट्यवधी वर्षे मंदगतीने चालू राहतो, आणि या दीर्घ कमाईचे फळ काय असू शकते, हा प्रश्न १९८२ साली अकस्मात उभा राहिला.

त्या वर्षी डोनाल्ड बॅकर यांच्या गटाने अरेसिबोच्या दुर्बिणीने दर सेकंदास ६४२ फेरे करणारा एक स्पंदक शोधला. या शोधात बर्कली विद्यापीठातील जो संशोधक विद्यार्थी बॅकर यांचा सहकारी होता, तो म्हणजे १९५६ साली कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी. इतका वेगवान स्पंदक नुकताच जन्मला असावा, असे कोणासही प्रथम वाटले असते. परंतु त्याच्याभोवती स्फोटाचे अवशेष नव्हते, आणि त्याचा वेग घटण्याचे प्रमाण अत्यल्प होते, ज्यावरून त्याचे चुंबकीय क्षेत्र दुबळे असल्याचे दिसे. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये, बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेतील व्ही. राधाकृष्णन आणि जी. श्रीनिवासन यांनी ‘करंट सायन्स’ मध्ये, आणि अल्पार, चेंग, रुडरमन व शाहम यांनी ‘नेचर’ मध्ये, स्वतंत्रपणे एकच उत्तर दिले: हा तारा म्हातारा आहे, एकदा मंदावलेला आहे, आणि जोडीदाराच्या द्रव्यावर पोसून त्याने परिवलनाची नवी पुंजी जमवली आहे. क्षेत्र दुबळे झाल्यामुळे सरहद्द ताऱ्याच्या अगदी अंगाशी येते. जेवढी ती जवळ, तेवढा ठरावीक वेग मोठा. चार हजार आठशे किलोमीटरांचे ते समतोलाचे अंतर अशा ताऱ्यांत पंचवीस किलोमीटरांच्या आत येते. कुलकर्णी यांनी १९८६ मध्ये काही स्पंदकांच्या श्वेतबटू जोडीदारांचे दृश्य प्रकाशात वेध घेऊन, जुन्या स्पंदकांचे क्षेत्र एका मर्यादेखाली आपोआप ओसरत जात नाही, असा पुरावा पुढे मांडला, आणि त्यामुळे क्षेत्र दुबळे होण्यामागेही द्रव्यग्रहणाचाच हात असावा या मतास बळ आले.

या उपपत्तीत एक अडचण राहिली होती: तो १९८२ चा तारा एकटाच होता. ज्याच्या पैशावर तो धनवान झाला, तो जोडीदार गेला कोठे? १९८८ साली एक असा स्पंदक सापडला की, जो आपल्या जोडीदारास स्वतःच्या किरणांनी भाजून वाफ करीत आहे, आणि संशय फिटू लागला. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीनेही पुढे याच जातीचा जे१५४४+४९३७ हा स्पंदक शोधला: २.१६ मिलिसेकंदांत एक फेरा, २.९ तासांची कक्षा, आणि जोडीदाराच्या उडत्या वायूमुळे लागणारे ग्रहण.

प्रत्यक्ष पुरावा १९९८ साली मिळाला, जेव्हा सेकंदास ४०१ वेळा फिरणारा एक तारा द्रव्य घेताना क्ष-किरणांत पकडला गेला. तरीही द्रव्य घेणारा तारा आणि रेडिओ स्पंदक या एकाच ताऱ्याच्या दोन अवस्था आहेत, हे सिद्ध करावयास त्या दोन अवस्थांतील स्थित्यंतर डोळ्यांदेखत घडायला हवे होते. नरतुरंगातील दुसऱ्या जोडताऱ्याचे महत्त्व येथे आहे. हा जोडतारा अनेक वर्षे क्ष-किरणांचा स्रोत म्हणून ज्ञात होता आणि त्याभोवती द्रव्याची चकती असल्याची चिन्हे त्याच्या वर्णपटात स्पष्ट होती. १४ नोव्हेंबर आणि २१ डिसेंबर २०१२ या दोन तारखांच्या दरम्यान तो मंदावला आणि चकतीच्या खुणा नाहीशा झाल्या. मग त्यात रेडिओ स्पंदक जागा झाला असेल काय?

नारायणगावाजवळील खोडद येथे, गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या जी.एम.आर.टी. मध्ये प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. त्यांपैकी चौदा मध्यवर्ती चौकात, बाकीच्या तीन दिशांना सुमारे पंचवीस किलोमीटरांच्या विस्तारात. ही दुर्बीण दक्षिणेस उणे ५३ अंशांपर्यंतच पाहू शकते. सेंटॉरस एक्स-३ उणे ६० च्या पलीकडे असल्यामुळे तिच्या टप्प्याबाहेर राहतो. हा दुसरा उणे ४९ वर, म्हणजे जेमतेम हद्दीच्या आत. जयंत रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६०७ मेगाहर्ट्झवर शोध घेतला आणि दर १.६९ मिलिसेकंदांस येणारे स्पंदन त्यांना सापडले. २०१५ च्या आरंभी ते प्रसिद्ध झाले. सेकंदास सुमारे ५९३ फेरे, ६.९ तासांची कक्षा. दोन ताऱ्यांतील अंतर पृथ्वी-चंद्र अंतराच्या चौपट. जोडीदार सूर्याच्या निम्म्याहूनही हलका, आणि त्याच्या वायूमुळे प्रत्येक फेऱ्यात बराच वेळ स्पंदन झाकलेले. चुंबकीय क्षेत्र दहा-वीस कोटी गाउसांच्या घरातले, म्हणजे सेंटॉरस एक्स-३ च्या क्षेत्राचा दहा-वीस हजारावा हिस्सा. अशा ताऱ्याचे रेडिओ यंत्र चालायचे तर त्याच्याभोवतीच्या सुमारे ऐंशी किलोमीटरांत द्रव्याची दाटी चालत नाही. चकती गेली, ती जागा मोकळी झाली, आणि स्पंदक बोलू लागला.

याच सुमारास दुसरीकडे उलट प्रवेश घडत होता. जे१०२३+००३८ या स्पंदकाभोवती २००१ साली चकती होती, २००७ मध्ये तो रेडिओत सापडला, आणि जून २०१३ मध्ये चकती परत आली व रेडिओ स्पंदन लुप्त झाले. त्याचाही फेरा योगायोगाने १.६९ मिलिसेकंदांचाच आहे. चकती असताना त्याची क्ष-किरण स्पंदने मोजून २०१६ साली जो हिशेब प्रसिद्ध झाला, तो मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत विचार करावयास लावणारा वाटतो. द्रव्य येत असताना तारा जलद व्हावा, निदान मंदावणे तरी थांबावे, ही अपेक्षा होती. प्रत्यक्षात तो रेडिओ अवस्थेतील दराच्या सव्वापटीहून किंचित अधिक दराने मंदावत होता. येणारे बरेचसे द्रव्य परत फेकले जात असावे आणि स्पंदकाचा मूळ खर्चही चालूच राहत असावा, असे अनुमान त्यावरून काढले गेले. ज्या ताऱ्याने एकेकाळी असेच द्रव्य घेऊन सेकंदास जवळजवळ सहाशे फेऱ्यांची पुंजी जमवली, तो आज द्रव्य घेऊन ती घालवीत आहे. कोणत्या ओघापर्यंत कमाई आणि कोणत्या ओघाखाली तूट, ही सीमा अद्याप मोजून ठरवलेली नाही. नरतुरंगातील त्या जोडताऱ्याभोवती चकती पुन्हा जमली, तर हाच प्रयोग दुसऱ्या ताऱ्यावर करता येईल, आणि त्या वेळी तुलनेसाठी लागणारी आधीची नोंद खोडदच्या दप्तरी २०१४ पासून आहे.